ठेकेदाराच्या रोलवरून कंपनी रोलवर: चाकण-भोसरी पट्ट्यात क्वालिटीची पुढची नोकरी

विचारलेलं थोडक्यात असं: मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला दोन वर्षं झाली, पण रोल ठेकेदाराचा, म्हणजे पगार आणि पीएफ कंपनीकडून नाही, ठेकेदाराकडून. हातात अठरा हजारांच्या आसपास पडतात. कंपनी रोलवर जायचंय, रेझ्युमे पाठवतोय, पण फोन येत नाहीत. नेमकं काय करावं? की सरळ मेकॅनिकल सोडून आयटीचा क्लास लावावा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वैतागून क्लास लावू नका. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात गाड्यांचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या ढिगाने आहेत. यातल्या प्रत्येक पुरवठादाराच्या डोक्यावर कस्टमर ऑडिटची (माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासणीची) टांगती तलवार असते, त्यामुळे मोजमाप नीट कळणारा माणूस त्यांना कायम लागतो. कोडिंगची खरीच आवड असेल तर गोष्ट वेगळी. पण 'दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्रही आम्हीच देतो' असं म्हणणारा क्लास दिसला की तिथून उठा. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची सर्व्हिस हिस्टरी पाहतात. त्याच दोन वर्षांत तुमचा पीएफ चाकणच्या ठेकेदाराकडे भरलेला दिसला की खोटं पत्र तिथेच उघडं पडतं आणि हातात आलेली ऑफर जाते.

तुमची खरी अडचण अशी आहे की दोन वर्षांत केलेलं काम कागदावर कुठेच नाही. रेझ्युमेत नाही आणि बहुधा पीएफच्या नोंदींतही धड नाही. म्हणून अर्ज पाठवणं पंधरा दिवस थांबवा आणि आधी कागद जमवा.

पहिलं काम यूएएनचं, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाचं. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर जाऊन पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी उघडा. पासबुकात प्रत्येक महिन्याची भर पडलीय का ते बघा. नियमाप्रमाणे मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं असेल तर आधी ठेकेदाराला ईमेल करा आणि दाद लागली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची तारीख बघा. बऱ्याच प्लांटमध्ये वर्ष-दीड वर्षाने ठेकेदार बदलतो, माणूस तोच, मशीन तेच, पण पीएफचा मेंबर आयडी नवा होतो. एकाच यूएएनखाली दोन आयडी असतील तर हरकत नाही, जुन्यातली रक्कम ऑनलाइन ट्रान्सफर करून घ्या. दुसऱ्या ठेकेदाराने नवा यूएएनच काढला असेल तर मात्र दोन्ही एकत्र करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या आयडीवर सोडल्याची तारीख पडली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला टाकता येते.

त्यातच नावाचा घोळ असतो आणि आपल्याकडे तो फार होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नावच नसतं. नव्या कंपनीत जॉइनिंगच्या दिवशी हे अडतं आणि पहिला पगार लांबतो. आधार, पॅन आणि यूएएन या तिन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच जुळवून घ्या. आधारशी पडताळलेल्या यूएएनवर बरीच दुरुस्ती आता ऑनलाइन होते.

गरज नसताना पीएफ काढून घेऊ नका. पाच वर्षांच्या आत काढला तर ती रक्कम करपात्र ठरते. ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन दिलेला असतानाही १० टक्के टीडीएस कापतात. शिवाय पेन्शनचे पैसेही काढले तर पेन्शनसाठी लागणारी १० वर्षांची सेवा पुन्हा शून्यापासून मोजावी लागते.

यासोबत ठेकेदाराचं नेमणूकपत्र, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, ईएसआयसीचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड आणि कंपनीच्या गेटपासचा फोटो जपून ठेवा. स्लिप मिळत नसेल तर दर महिन्याला ईमेलने मागा. मागितल्याची नोंद राहिली तरी पुढे ती कामाला येते.

आता रेझ्युमे. एक पान, इंग्रजीत, पीडीएफ. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' काढून टाका, तो कोणी वाचत नाही. वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद, सही, सगळं काढा. फोन न येण्याचं कारण बहुतेक वेळा अनुभवाच्या ओळीत असतं. तिथे 'इन-प्रोसेस इन्स्पेक्शनची जबाबदारी' असं लिहिलेलं असतं आणि एचआरसमोर अशी ओळ असलेले ढीगभर रेझ्युमे पडलेले असतात. त्या जागी भाग कोणता, मशीन कोणतं, रोजचे नग किती, साधनं कोणती आणि बदल काय झाला, हे लिहा. उदाहरण म्हणून: 'ट्रान्समिशन शाफ्ट, ६ सीएनसी टर्निंग मशीन, दर शिफ्टला सुमारे ९०० नग. फर्स्ट पीस अप्रूव्हल आणि दर दोन तासांनी पॅट्रोल इन्स्पेक्शन. मायक्रोमीटर, डायल बोअर गेज, एअर गेज, रफनेस टेस्टर. बेअरिंग सीटच्या ओव्हरसाइजचं रिजेक्शन शिफ्टला १८ नगांवरून ७ नगांवर.'

यातला शेवटचा आकडा लिहिलात की मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार. १८ कधीचे, ७ कधीचे, किती दिवसांची सरासरी, आणि नेमकं काय बदललं? टूल ऑफसेट किती नगांनंतर द्यायचा ते ठरवलं? इन्सर्ट बदलायची वारंवारता कमी केली की वाढवली? हे सांगता येत नसेल तर आकडा लिहू नका. म्हणून आजपासून एक साधी वही करा: रोजचं उत्पादन, रिजेक्शन, कारण, केलेला उपाय. महिन्याभरात तुमच्याकडे खरे आकडे जमतात. एक पथ्य मात्र पाळा. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, कंट्रोल प्लॅन यांचे फोटो काढू नका आणि रेझ्युमेत कस्टमरचा पार्ट नंबर टाकू नका. समोरचा मुलाखतकार मनात म्हणतो, उद्या हा आमचंही असंच बाहेर नेईल.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल असेलच. भरती करणारा माणूस तिथे शब्द टाकून शोधतो आणि नोटीस पीरियड, ठिकाण, पगार यांवर गाळणी लावतो. त्यामुळे हेडलाइनमध्ये 'हार्डवर्किंग इंजिनिअर' नको. 'क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग, पीपॅप, एमएसए, एट-डी, चाकण' असे शब्द हवेत (पीपॅप म्हणजे नव्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं, एमएसए म्हणजे मोजमाप पद्धतीची तपासणी, एट-डी म्हणजे तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत), पण खरंच हात लावलेल्या गोष्टींचेच. दर आठवड्याला प्रोफाइलमध्ये एखादी ओळ अपडेट करा, ताजं प्रोफाइल वर दिसतं. नोटीस पीरियड खरा टाका. ठेकेदाराकडे तो साधारण महिनाभराचा किंवा त्याहून कमी असतो. ही तुमची जमेची बाजू आहे, कारण कंपनी रोलवरच्या माणसाला दोन-तीन महिने अडकून पडावं लागतं.

आणखी एक साधी गोष्ट फोन घालवते. बऱ्याच प्लांटमध्ये शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही आणि एचआरचे फोन नेमके दुपारी येतात. रेझ्युमेत नंबरखाली 'व्हॉट्सॲपवर मेसेज केल्यास त्याच दिवशी फोन करतो' अशी ओळ टाका. जेवणाच्या सुट्टीत मिस्ड कॉल बघून लगेच उलट फोन करा. दोन दिवसांनी केला तर त्यांची यादी पुढे सरकलेली असते. आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे मुलाखती लावताना वापरा. तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर रविवारी बंद असणाऱ्या कंपनीत गुरुवारी मुलाखत मागा. खोटी रजा टाकावी लागत नाही.

पोर्टलपेक्षाही जागा लवकर कळतात त्या माणसांकडून. तुमच्या प्लांटमध्ये गेज कॅलिब्रेट करायला येणारा लॅबचा माणूस, इन्सर्ट विकणारा टूलिंगवाला, सीएमएमचा (तिन्ही दिशांत माप घेणाऱ्या मशीनचा) सर्व्हिस इंजिनिअर हे सगळे आठवड्याला दहा कंपन्यांत फिरतात. कुठे नवी लाइन टाकतायत, कुठला क्वालिटीवाला सोडून गेला, हे त्यांना आधी कळतं. त्यांच्याशी नीट ओळख ठेवा आणि 'कुठे काही असेल तर बघा' असं मोघम बोलू नका. 'मशीनिंग क्वालिटी, दोन वर्षं, महिन्याभरात येऊ शकतो, फक्त कंपनी रोल' एवढं स्पष्ट सांगा. सरकारी महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. युनिफॉर्मचं डिपॉझिट, गेटपासची फी, मेडिकलचा खर्च, नाव काहीही असो. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नसतो. मूळ मार्कशीट आणि कोरा चेकही कोणाकडे ठेवायचा नाही. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घरी आणायचे.

मुलाखतीची तयारी म्हणून यूट्यूबवरचे शंभर प्रश्न पाठ करू नका. क्वालिटीच्या मुलाखतीत बहुतेकदा टेबलावर एखादा भाग किंवा ड्रॉइंग ठेवतात. समजा ड्रॉइंगवर भोकाचा व्यास २५ एच७ लिहिलाय. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलीमीटरच्या आत हवं, एकूण टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, २१ मायक्रॉन. विचारतात, कशाने मोजाल? घाईत 'व्हर्नियर' म्हटलंत की मुलाखत तिथेच संपली म्हणायची. कारण साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन आणि इथे अख्खा टॉलरन्सच २१ मायक्रॉनचा आहे. साधनाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका हवा, हा ढोबळ नियम. म्हणजे इथे दोन मायक्रॉनच्या आसपास. तेव्हा उत्तर असं: ०.००१ चा डायल लावलेला बोअर गेज, सेटिंग रिंगवर शून्य करून. रोजच्या उत्पादनात एअर गेज किंवा गो-नो-गो प्लग गेज. आणि प्लग गेज भाग बरा की वाईट एवढंच सांगतो, माप कुठल्या बाजूला सरकतंय ते सांगत नाही, म्हणून एसपीसीला (आकड्यांवरून प्रक्रियेवर लक्ष ठेवायला) तो चालत नाही. एवढं बोललात की समोरच्याला कळतं की या माणसाने खरंच मोजलंय.

दुसरा हमखास विषय कस्टमर कम्प्लेंटचा. बहुतेक मुलं मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' आणि उपाय म्हणून 'ट्रेनिंग दिलं' असं सांगतात. हे उत्तर ऐकून अनुभवी मुलाखतकार पुढचं विचारतच नाही. दोन वेगळे 'का' मांडा: दोष तयार का झाला, आणि तयार झाल्यावर आपल्या तपासणीतून निसटला का. त्याआधी माल अडवला कुठे कुठे, ते सांगा: लाइनवर, स्टोअरमध्ये, वाटेतल्या गाडीत, कस्टमरच्या गोदामात. उपायात पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना), फिक्स्चरमधला बदल, तपासणीची वारंवारता असं काहीतरी ठोस हवं. याखेरीज गेज आर अँड आरचे (मोजमापातच किती फरक पडतो त्या तपासणीचे) १० आणि ३० टक्क्यांचे आकडे, सीपीके (प्रक्रियेची क्षमता) १.३३ म्हणजे सरासरीपासून जवळची मर्यादा चार सिग्मा लांब, आणि कंट्रोल लिमिट व स्पेसिफिकेशन लिमिट यांतला फरक, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

कोर्स करायचाच असेल तर एक करा, आणि तोही हव्या असलेल्या जागांच्या जाहिरातीत वारंवार दिसणारा. तुमच्यासाठी आधी जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि स्थितीच्या टॉलरन्सच्या खुणा), मग सीएमएम. एआरएआय (पुण्यातली वाहन संशोधन संस्था) आणि मराठा चेंबर (उद्योगांची संघटना) या दोन्ही ठिकाणी उद्योगासाठीची प्रशिक्षणं होतात, तिथली वेळापत्रकं बघा. आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं) इंटर्नल ऑडिटर सर्टिफिकेट मात्र प्रत्यक्ष ऑडिटमध्ये बसल्याशिवाय फारसं उपयोगाचं नाही.

पगाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. समजा ऑफर वर्षाला ३ लाख ६० हजार सीटीसीची, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाची आहे. महिन्याला ३० हजार. तुमच्या अठरा हजारांपुढे ही उडी वाटते. आता उलगडून बघा. बेसिक १५ हजार धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२२. वर्षाअखेरचा व्हेरिएबल २४ हजार, म्हणजे महिन्याला २,०००. विमा आणि बस-कँटीनचे १,००० धरले. उरले २४,४७८, हा तुमचा ग्रॉस. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २२,४७८. फेब्रुवारीत टॅक्स ३०० असतो, म्हणून त्या महिन्यात आणखी शंभर कमी. महिलांना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगारावर हा टॅक्स नाही. म्हणजे खरी वाढ बाराची नाही, साडेचारची आहे. वाईट मुळीच नाही, पण ती माहीत असून हो म्हणा.

आता दोन गोष्टी या हिशोबात दिसत नाहीत. पहिली ओव्हरटाइम. ठेकेदाराकडे ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत असेल आणि काही महिने तो धरून हातात २३-२४ हजार पडत असतील, तर 'स्टाफ' म्हणून घेतल्यावर तो बंद होतो आणि नव्या नोकरीत हातात कमीच येतात. गेल्या सहा महिन्यांची खरी सरासरी काढा आणि तुलना तिच्याशी करा. दुसरी ईएसआयसी. पगार २१ हजारांपर्यंत आहे तोवर तुमचे ०.७५ टक्के कापून तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरचं किंवा बिबवेवाडीचं हॉस्पिटल घरच्यांनी वापरलं असेल तर त्याची किंमत तुम्हाला माहीत आहे. नव्या पगारात हे संपू शकतं. म्हणून एचआरला थेट विचारा: ग्रुप मेडिक्लेम किती लाखांचा, आईवडील त्यात आहेत का, आणि पहिल्या दिवसापासून लागू आहे की कन्फर्मेशननंतर?

रोल कोणाचा, हेही ऑफर घेतानाच ठरवून घ्या. फोनवर 'कंपनीतच काम आहे' म्हणतात, त्याचा अर्थ कंपनी रोल असा होत नाही. विचारायचा प्रश्न एकच: 'ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार आणि पीएफ कोणत्या नावाने भरला जाणार?' उत्तरात दुसऱ्याच फर्मचं नाव आलं तर ते थर्ड पार्टी पेरोल. ॲप्रेंटिस म्हणून घेत असतील तर तो स्टायपेंड, नोकरी नव्हे. दोन वर्षांच्या अनुभवानंतर तिथे परत जाण्यात अर्थ नाही. फिक्स्ड टर्म असेल तर ते कंपनीच्या रोलवर पण ठरावीक मुदतीपुरतं असतं. मुदत किती आणि नूतनीकरण कसं होतं ते लेखी घ्या. नव्या श्रम संहितेनुसार अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, कायम नोकरीत मात्र पाच वर्षं लागतात. ट्रेनी म्हणून घेत असतील तर ट्रेनिंग किती महिन्यांचं आणि कन्फर्म झाल्यावर पगार किती, हे पत्रात असू द्या.

सध्याचा पगार फुगवून सांगू नका. स्लिपा आणि बँक स्टेटमेंट मागतातच. अपेक्षा विचारली तर हातात पडणारा आकडा सांगा आणि कारण जोडा: 'ओव्हरटाइम धरून आत्ता सरासरी एवढे पडतात, स्टाफमध्ये तो नाही, त्यामुळे हातात २४ हजारांच्या खाली परवडणार नाही.' घासाघीस एकदाच, ऑफर लेटर येण्याआधी. पत्र स्वीकारल्यावर पुन्हा आकडा काढणं चांगलं दिसत नाही आणि चाकणमधले एचआर एकमेकांना ओळखून असतात.

ऑफर लेटर हातात आल्यावरच राजीनामा द्या. 'तुमचं फायनल आहे, राजीनामा टाका' अशा फोनवर विसंबून नाही. राजीनामा ईमेलने द्या, ठेकेदाराच्या ऑफिसला आणि प्लांटमधल्या तुमच्या सीनिअरला एकाच मेलमध्ये. कामाचा शेवटचा दिवस तारखेसकट लिहा. नोटीस पूर्ण भरा, गेज आणि रेकॉर्ड कोणाला सोपवले त्याची यादी करून सही घ्या. त्याच मेलवर रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) आणि पीएफला एक्झिटची तारीख या चारही गोष्टी मागा. बरेच ठेकेदार पत्र देत नाहीत. तसं झालं तर राजीनाम्याचा मेल, पगाराचं बँक स्टेटमेंट आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी मिळून काम भागू शकतं, पण नव्या एचआरला हे जॉइनिंगआधीच सांगून ठेवा. जॉइनिंगच्या सकाळी सांगितलं की तो लपवाछपवी समजतो.

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म ११ भरायला देतील. त्यात जुना यूएएन न चुकता लिहा आणि 'आधी पीएफचा सदस्य होतो' यावर खूण करा. घाईत तो रकाना कोरा ठेवला की नवा यूएएन निघण्याचा धोका असतो आणि आधी निस्तरलेलं सगळं पुन्हा निस्तरावं लागतं. जूनमध्ये रुजू झालात तर जुलैच्या शेवटी पासबुक उघडा. नव्या कंपनीच्या नावाने पहिली नोंद दिसली नाही तर त्याच आठवड्यात एचआरला विचारा.